अर्धा काढा, जास्त नको

थांबा, चहा बाजूला ठेवा. हे मला आत्ताच सांगायचंय. उद्या फर्स्ट शिफ्टला गेले की निम्मं विसरेन आणि उरलेलं कुणाला खरं वाटणार नाही. भराभर टाईप करतेय, चुका पोटात घाला.

गोष्ट आहे एका मास्टची. विंडसर्फिंग तुम्ही कुठंतरी पाहिलं असेल, फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वाऱ्यावर पळायचं. फॉइल म्हणजे त्याच्या पुढचं खूळ. फळीच्या पोटाखाली कंबरेएवढा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा लावतात, त्या दांड्याला म्हणतात मास्ट. मास्टच्या खालच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख असतात. वेग आला की पंख पाण्यात राहतात आणि फळी, शीड, माणूस असं सगळं बिऱ्हाड पाण्याच्या हातभर वर उचललं जातं. आता शिडाच्या काठीलाही मास्टच म्हणतात, कारण दुसरा शब्द शोधायला बहुतेक त्या लोकांना वेळ मिळाला नाही. मी मास्ट म्हटलं की तुम्ही खालचा समजा.

शिरूर-दौंड पट्ट्यात असलं काही करणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या घरात निघाला. माझा चुलतभाऊ, दौंडला असतो. फौजेत असताना शिकला. परत आला तेव्हा बरोबर एक जुनी फळी आणली, एक शीड आणलं आणि एक बिघडलेला गुडघा आणला. फळी पाण्यावर पळताना लाटांवर धाडधाड आपटते, आणि प्रत्येक धाड त्या गुडघ्यात जाते. दोन वर्षं त्यानं फळी भिंतीला लावून ठेवलेली. आणि आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, सोमवारी, पुण्यात. डॉक्टर म्हणाले, नंतर वर्षभर असलं काही नाही, आणि वर्षानंतरही शब्द देत नाही.

तर दादाचं म्हणणं एवढंच होतं, की सोमवारच्या आधी एकदा. फक्त एकदा पाण्यावर जायचं. आणि फॉइलवर गेलो तर फळी पाण्याला लागतच नाही, म्हणजे आपटणं नाही, म्हणजे गुडघ्याला कळणारपण नाही. हा हिशोब त्यानं वहिनीला तीन वेळा समजावला. वहिनी तिन्ही वेळा म्हणाली, "डॉक्टरांना विचारा." त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पडू नका." दादानं याला परवानगी धरलं.

मग गोव्यातल्या कुणाकडून तरी त्यानं वापरलेला फॉइल मागवला. विकणाऱ्यानं सांगितलं, स्टँडर्ड आहे, सगळ्या बोर्डांना बसतो. हे वाक्य मी कारेगावच्या कंपनीत, क्वालिटीच्या टेबलावर बसून, रोज सप्लायरच्या तोंडून ऐकते. "मॅडम, स्टँडर्ड आहे." ज्या पार्टबद्दल हे बोललं जातं त्याच्यासाठी मी लाल टॅग आधीच काढून ठेवते.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी, म्हणून मी दौंडला गेलेले. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल आलं. दादानं असं उघडलं जसं काही आत बाळ आहे. फळी उलटी करून खाटेवर ठेवली. फळीत एक निमुळती खोबण असते, खाली रुंद, आत जाईल तशी अरुंद. मास्टच्या वरच्या टोकाला तसंच निमुळतं, काळ्या कडक प्लास्टिकचं डोकं असतं. डोकं खोबणीत घालायचं, फळीच्या वरच्या बाजूनं दोन बोल्ट आवळायचे, झालं. असं व्हिडिओत होतं.

आमच्या खाटेवर डोकं आत गेलं आणि थोडं बाहेर राहून थांबलं. वर आणि डुलायला लागलं.

"बसलाय," दादा म्हणाला.

"डुलतोय," मी म्हटलं.

"बोल्ट आवळल्यावर बसंल की." आणि आवळायला घेतले. एक आटा. अजून पाव. मग फळीतून आवाज आला, कट्ट.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "गुडघा का फळी?"

"फळी," दादा म्हणाला.

"मग चालतंय."

मी पाना त्याच्या हातातून काढून घेतला. नशीब, फळी फुटली नव्हती, नुसता रंगाला तडा गेलेला. माझ्या पर्समध्ये व्हर्नियर असतो, केसाएवढा फरक मोजणारा. हो, असतो, कुणाच्या पर्समध्ये काय असावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आणि आमच्या टूलरूमच्या सरांकडून मागून आणलेला निळा रंगही होता, काड्यापेटीएवढ्या डबीत. हा रंग म्हणजे आमचं गुपित. दोन भाग एकमेकांत नीट बसतात का ते बघायचं असेल तर एकाला हा पातळ फासायचा, दुसरा आत घालून काढायचा. जिथं निळं लागलं तिथं टेकतंय, जिथं कोरं राहिलं तिथं नाही. खोटं बोलायची सोयच नाही.

खोबणीला रंग फासला, डोकं घातलं, काढलं. डोक्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला खाली-खाली बोटभर निळा पट्टा, बाकी सगळं कोरं. म्हणजे डोकं लांबीला जरा जास्तच होतं. मोजलं. अर्धा एमएम. अर्धाच. पण उतार असल्यामुळं तेवढ्यानं डोकं दीड एमएम बाहेर लटकत होतं. तोपर्यंत दादाची बोटं निळी, त्याचा शर्ट निळा, आणि खाटेवरची चादर अशी झालेली की वहिनीनं नुसतं बघितलं आणि काही बोललीच नाही. तिचं न बोलणं मला त्या कट्टपेक्षा जास्त लागलं.

"कंपनीत घासून आण की," दादा म्हणाला.

कंपनीत! आमच्या गेटवर सिक्युरिटीवाले काका डब्यातली चपाती उलटून बघतात. तिथं मी हा दांडा घेऊन आत जाणार आणि म्हणणार, काका, प्रायव्हेट काम आहे, मिलिंगला लावून येते?

मग सुचले चाचा. शिरूरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. आमच्या घराचे सगळे दरवाजे त्यांनी केलेत, आणि शाळेत असताना माझं कंपास बॉक्सचं झाकणही त्यांनीच सरळ केलेलं. प्लास्टिक असो, लाकूड असो, चाचांची कानस फिरली की काम चोख होतं.

शुक्रवारी सकाळी नुसता मास्ट घेऊन, पंख काढून, मी दौंडहून एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय?"

"मास्ट."

"मस्त हाय ते दिसतंय. पण हाय काय?"

"मास्ट, मास्ट. पाण्याचं आहे."

"बोअरचं व्हय!" म्हणाले, आणि पुढं न्हावऱ्यापर्यंत शेजारच्या आप्पांनी मला त्यांच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते सांगितलं. मी मान हलवत राहिले. सोपं पडतं.

शिरूरला उतरून थेट दुकानात. चाचा नव्हते, बाजारात गेलेले. सेकंड शिफ्टची बस गाठायची होती, म्हणून मास्ट त्यांच्या बाकावर ठेवला, डोक्याच्या दोन्ही कडांवर पेनानं खुणा केल्या आणि बसमध्ये बसल्यावर मेसेज टाकला. तो मेसेज मी तुमच्यासाठी जसाच्या तसा लिहिते, कारण माझ्या करिअरमधला तो सर्वात महत्त्वाचा दस्तऐवज आहे:

"चाचा काळं डोकं आहे ना त्याची लांबी खुणा केल्यात तिथून फक्त अर्धा काढा जास्त नको अर्जंट आहे"

चाचांचा अंगठा आला. मी खूष.

आता बघा. आमच्या कंपनीत "अर्धा" म्हटलं की अर्धा एमएम. दुसरं काही असूच शकत नाही. अर्धा एमएम इकडंतिकडं झाला तर आमच्याकडं मीटिंग बसते, समोसे येतात, मोठे साहेब येतात. त्यामुळं अर्धा हा शब्द मी श्वास घेतल्यासारखा वापरते.

शनिवारी संध्याकाळी दादा आणि वहिनी फळी घेऊन शिरूरला आले, शेजाऱ्याची पिकअप मागून. रविवारी दुपारी चिंचणीला घोडच्या धरणावर जायचं, तिथूनच पुढं पुण्याला, असा बेत, आणि मी दोन दिवस रजा टाकलेली. मी चाचांकडून मास्ट आणला. डोकं इतकं गुळगुळीत केलेलं की मला कौतुक वाटलं. अंगणात फळी उलटी ठेवली आणि डोकं खोबणीत घातलं.

ते आत पडलं. म्हणजे बसलं नाही, पडलं, डब्यात चमचा पडतो तसं. हलवलं तर खडखड वाजलं.

दादानं एकदा हलवलं. परत हलवलं. मग फळीच्या शेजारी पायरीवर बसला, दुखरा पाय लांब करून, आणि म्हणाला, "जाऊ दे बाई. नसंल नशिबात." तो चिडला असता तर बरं झालं असतं. मी त्याला चिडलेला शंभरदा बघितलाय, असं शांत नव्हतं बघितलं.

मी व्हर्नियर लावला. चाचांनी एक पॉइंट सहा काढलेला. अर्ध्याच्या ऐवजी एक पॉइंट सहा! तिपटीच्यावर! मी मास्ट उचलला आणि तशीच, चपला न घालता, गल्लीच्या तोंडाशी.

"चाचा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"अर्धा काढा म्हटलं होतं!"

"अर्धाच काढला. जास्त न्हाई."

"हा अर्धा आहे?"

चाचांनी शांतपणे चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि बाकावर एक रेघ मारली. "हा एक इंच. त्याचे आठ सूत. एका सुताचा अर्धा हा एवढा. बघ लावून."

मी लावला. एक पॉइंट सहा. पॉइंटसकट बरोबर.

"चाचा, अर्धा एमएम हो!"

"एमएम कुठं लिहिलंय? दाखव."

मी फोन काढला. मेसेज वाचला. परत वाचला. वर-खाली करून बघितला, कुठं एमएम लपलाय का. नव्हता.

"बेटा, सुतारकामात अर्धा म्हंजी अर्धा सूत. माझ्या वालिदनं हेच शिकवलं. तुमच्या घराची दारं ह्याच अर्ध्यात बसवलीत. उघडतात का न्हाई?"

"उघडतात."

"लागतात?"

"लागतात."

"मग?"

मी फोन बंद केला. सांगते का? कारण मी त्याच आठवड्यात एका सप्लायरचं ड्रॉइंग परत पाठवलेलं. शेरा काय लिहिला होता मी, लाल पेनानं, खाली दोन रेघा मारून? "युनिट लिहिलेलं नाही. रिजेक्ट." तो बिचारा फोनवर म्हणाला होता, मॅडम समजून घ्यायचं की. मी म्हटलं होतं, समजून घ्यायला मी तुमची मावशी आहे का.

मी बाकावर बसले आणि चाचांना सगळं सांगितलं. गुडघा, सोमवार, एकदाच जायचंय, पायरीवर बसलेला दादा. चाचांनी ऐकलं. मग मास्टचं डोकं हातात फिरवून म्हणाले, "फौजी हाय का तुझा भाऊ? मग आधी सांगायचं न्हाई? उद्या सकाळी आठला ये. फळी पण आण. फळी न बघता काम दिलंस, ही तुझी दुसरी चूक."

पहिली कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. मोठ्या मनाचे आहेत.

रविवारी सकाळी आठला आम्ही तिघं फळीसकट दुकानात. चाचांनी सनमायकाचे तुकडे काढून ठेवलेले, कारेगावला कुणाच्या फ्लॅटमध्ये किचन ट्रॉली केल्या त्यातले उरलेले. फिकट गुलाबी, त्यावर पांढरी फुलं.

"हा एक एमएम," चाचा म्हणाले. एमएम हा शब्द त्यांनी माझ्याकडं बघून, चघळून उच्चारला. "चिकटाचा थर धरला की किती?"

मी मनात वजाबाकी केली. एक पॉइंट सहा काढलेत, अर्धा काढायचा होता, म्हणजे एक पॉइंट एक परत भरायचा. सनमायका एक, चिकट त्याच्या वर जरासं. मी वैतागून तुकडा मोजला, चाचा चुकले असतील म्हणून. दुर्दैवानं बरोबर होते.

"दुसरा साधा रंग नाही का?" दादा म्हणाला. "फुलं हायत हो ह्याच्यावर."

"पाण्याखाली कोण बघतंय?" वहिनी म्हणाली. "मासे?"

चाचांनी डोक्याच्या मागच्या कडेला सनमायका चिकटवला, दोन ट्यूब मिसळून लावतात ते चिकट, वरून क्लॅम्प. ते वाळेपर्यंत चाचांच्या घरून पोहे आले, चहा आला, परत चहा आला. दादाला त्यांनी तीनदा विचारलं, बर्फात ड्युटी होती का. वाळल्यावर मी निळा रंग लावला आणि चाचा पहिल्यांदा उठून जवळ आले. डोकं आत घातलं, काढलं. पुढच्या कडेला वरपासून खालपर्यंत निळं. मागं अजून वर कोरं. चाचांनी कानस घेतली, फुलांवर दोनदा फिरवली. परत घातलं. अजून थोडं कोरं. कानस एकदाच, जेमतेम. असं आठ-दहा वेळा झालं असेल. मी बोट ठेवायचे, चाचा तिथं घासायचे. शेवटी फुलं सगळी निळी झाली आणि डोकं खोबणीत असं गेलं की आतली हवा फुस्स करून बाहेर आली. मी हलवलं. काहीच हललं नाही.

चाचांनी बोटाला लागलेला निळा रंग उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, "हा रंग कुठं मिळतो? चौकटीचे सांधे बघायला लई भारी हाय." उरलेली डबी मी तिथंच ठेवून आले.

चिंचणीला दोन वाजता पोचलो. उन्हाळ्यात धरण आटतं, पाणी गाठायला पाव किलोमीटर भेगाळलेली जमीन आणि मग घोट्याएवढा गाळ. दादाला गाळात ओझं उचलू द्यायचं नाही असं वहिनीनं जाहीर केलं, त्यामुळं फळी मी वाहिली, मास्ट मी वाहिला, शीड मी वाहिलं, आणि फौजी साहेब वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून राजासारखे आले. मास्टला परत पंख जोडले, बोल्ट दोन बोटांनी आवळले, तेवढ्यानं पुरलं. पाण्याजवळ एक मासेमारी करणारे आबा जाळं निवडत बसलेले.

"पंखा कशाला पाण्यात?" त्यांनी विचारलं.

"ह्यानं फळी वर उठती, आबा," दादा म्हणाला.

"कशाला पण?"

दादा शीड उभं करायला लागला. मला आबा फार आवडले.

अर्धा तास वारा असा होता की शीड धरून दादा नुसता तरंगत होता, गाडी लागत नाही म्हणून स्टॉपवर उभ्या माणसासारखा. वहिनी म्हणाली, "ह्याच्यापेक्षा आमची धुण्याची दोरी जास्त फडफडती." मग तीनच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला. फळी पळायला लागली. धाड, धाड, इथपर्यंत आवाज येत होता, आणि प्रत्येक धाडेला वहिनी माझं मनगट दाबत होती.

आणि मग आवाज थांबला.

फळी वर होती. खाली पाणी, मध्ये हातभर रिकामी हवा, वर दादा. कसलाच आवाज नाही, शिडाचासुद्धा नाही. तो सरळ गेला, श्रीगोंद्याच्या बाजूला, लहान लहान होत. आबांनी जाळं खाली ठेवलं आणि कपाळावर हात धरून बघत राहिले. वहिनी काही बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. चादरीवालं नव्हतं.

मी काय करत होते? मी मोजत होते. हललं का, डुललं का, फुलं सुटली का. क्वालिटीवालीचं नशीब. तिचा भाऊ हवेत उडत असतो आणि ती त्याच्या खालचा सांधा बघत असते. मग तो वळून परत आला, अजून वर, आणि मी बघितलं की तो हसत नाहीये. तोंड उघडं होतं, एवढंच. त्यानंतर मी मोजणं सोडलं.

चार फेऱ्या मारल्या त्यानं. काठाजवळ फळी हळूच खाली बसली, तो पाण्यात उतरला, छातीइतक्या पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, गुडघा हाय हेच कळलं न्हाई गं." मग शिडावर डोकं टेकून तसाच उभा राहिला. आम्ही घाई केली नाही.

घाई नंतर झाली. कारण बोल्ट काढले, आणि मास्ट निघेना.

ओढला. हलवला. दादानं फळी धरली, मी मास्ट धरला, आबांनी मला धरलं. काही नाही. चार दिवस ज्याला बसवायला जीव काढला, तो आता असा बसलेला की उठायला तयार नाही. चाचांना फोन लावला. पलीकडून आधी हसणं आलं, मग म्हणाले, "बसत न्हवतं तवा चाचा, निघत न्हाई तवा पण चाचाच? ठोकू नका. माझा सांधा हाय तो."

तर पिकअपमध्ये फळी उलटी, त्यावर कंबरेएवढा दांडा, त्यावर पंख, आणि शेजारी ऑपरेशनला चाललेला पेशंट. शिरूरच्या चौकात एकानं विचारलं, "विमान पडलंय का कुठं?" आम्ही हो म्हटलं.

ऑपरेशन झालं, नीट झालं. आता दादा दौंडला खाटेवर आहे, पायाला पट्टा, आणि समोरच्या भिंतीला तीच फळी, मास्ट खोलीत आडवा आलेला. वहिनी त्याच्यावर टॉवेल वाळत घालते. बघायला येणारा प्रत्येक माणूस चहा पिता पिता उपाय सांगतो. गरम पाणी ओता, बर्फ लावा, तेल सोडा, दोन दिवस उन्हात ठेवा. काल मी लाकडी हातोडी घेऊन गेले, म्हटलं हळूच एक ठोका मारून बघू. दादा म्हणाला, "हात लावू नको. राहू दे. वर्षानं परत बसवायला कोण धावपळ करंल?"

वर्षानं. डॉक्टरांनी शब्द दिलेला नाही हे त्याला माहीत आहे, मलाही आहे. मी हातोडी पर्समध्ये ठेवली, व्हर्नियरच्या शेजारी, आणि घरी आले.

तर आता तुम्ही सांगा. तुमच्यात कुणी फॉइलवाले असाल, नसलात तरी चालेल, तुमच्याकडं झालंय का असं? आधी कशातच बसेना आणि मग बसलं ते निघेना, असं काही तुमच्याही घरात भिंतीला लावून ठेवलंय का? आणि घरातलं माणूस ते काढू देतं का?